देवयानीतील नवतारे : वेधाची रीत

कार्तिकातील काळोख्या रात्री, नऊच्या सुमारास, जवळजवळ डोक्यावर पण किंचित उत्तरेस एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. देवयानी तारकासंघातील ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेची शेजारीण असून सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्यातील नवताऱ्यांचा वेध कसा घेतात, ते आपण पाहू.

नवतारा वस्तुतः नवा नसतो. श्वेत बटुताऱ्यावर जोडीदार ताऱ्याकडून येणारा हायड्रोजन साचत जातो. तो थर पुरेसा दाट व तप्त झाला की त्यात अणुकेंद्रांच्या संमीलनाचा भडका उडतो. तारा काही दिवस वा आठवडे झळकून पुन्हा मंदावतो. नष्ट होत नाही.

१८८५ साली या दीर्घिकेत एक तारा सुमारे सहाव्या प्रतीपर्यंत तेजाळला. त्यास साधा नवतारा मानले, तर देवयानी अगदी जवळ ठरत होती. पुढे १९१७ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतील जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासता, त्याहून हजारो पटींनी मंद नवतारे तिच्यात आढळले. अशा मंद नवताऱ्यांच्या आधारे हेबर कर्टिस यांनी ती आकाशगंगेबाहेर असल्याचे प्रतिपादिले. १८८५ चा तारा निराळ्याच जातीचा, अतिनवतारा होता.

वेधाची रीत सोपी, पण चिकाटीची. तोच भाग रात्रीमागून रात्री टिपावा आणि जुन्या चित्रांशी ताडावा. १९२३ साली एडविन हबल यांनी नवतारा म्हणून खूण केलेला एक ठिपका असा ताडता रूपविकारी तारा निघाला. त्यावरूनच देवयानीचे अंतर मोजता आले. १९५३ ते १९५५ या काळात हाल्टन आर्प यांनी ६० इंची दुर्बिणीने ३० नवतारे शोधले. सर्व जवळपास एकाच अंतरावर असल्याने त्यांच्या तेजाची तुलना थेट करता येते. अधिक तेजस्वी नवतारे लवकर मंदावतात, असे त्यांत दिसले.

दीर्घिकेच्या मध्यभागी उजेड फार. तेथे हायड्रोजनचा तांबडा प्रकाश तेवढा जाऊ देणारी गाळणी लावली, की नवतारा उठून दिसतो. २००८ मध्ये सापडलेला एक तर जवळजवळ दरवर्षी भडकतो. लडाखमधील हानले येथूनही देवयानीतील नवताऱ्यांचे वेध घेतले गेले आहेत.

विद्यार्थिमित्रांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. ज्या रात्री काहीच नवे दिसले नाही, तिचीही नोंद ठेवावी लागते. तिच्यावाचून भडका केव्हा उडाला आणि वर्षाकाठी असे किती होतात, हे सांगता येत नाही.