बारमाही न्याय
शास्त्राभ्यास : आमोस ५:२४



न्याय पाण्यासारखा वाहावा आणि नीतिमत्त्व न आटणाऱ्या ओढ्यासारखे असावे, असा या वचनाचा आशय आहे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथील भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी याच वचनाचा आधार घेतला होता. हे वचन म्हणजे देवाची धमकी आहे की आज्ञा, असा प्रश्न अभ्यासकांपुढे आहे.

काहींच्या मते ही शिक्षेची सूचना आहे. देवाचा न्याय पुरासारखा येईल आणि पाप्यांना वाहून नेईल. मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ ‘वाहील’ असाही होतो आणि ‘वाहू दे’ असाही होतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात तर ओलांडता न येणारा लोंढा, असे शब्द आहेत. म्हणून निर्णय संदर्भावरून करावा लागतो.

आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. उंबराच्या जातीच्या झाडांचीही तो निगा राखीत असे. इ.स.पू. आठव्या शतकात, दुसरा यराबाम राज्य करीत असताना, तो उत्तरेकडील इस्राएलात गेला. तेथे सुबत्ता होती. सण, अर्पणे आणि गायन यांना तोटा नव्हता. परंतु व्यापाऱ्यांची मापे खोटी होती. जोड्याच्या किमतीला गरीब विकला जात होता. न्यायनिवाडा गावाच्या वेशीत होई आणि तेथे लाच चालत होती. २१ ते २३ या वचनांत देव त्यांचे सण, अर्पणे व गाणी नाकारतो आणि लगेच आपले वचन येते. त्याआधी, १५व्या वचनात, वेशीत न्याय स्थापन करा असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणून आम्हाला वाटते की ही मुख्यतः आज्ञा आहे.

मूळ शब्दही हेच सुचवतात. ‘नाहाल’ म्हणजे ओढा. त्या देशातील बहुतेक ओढे पावसाळ्यात भरून वाहतात आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. तलवाड्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. ‘एतान’ म्हणजे न आटणारा, आपल्या भाषेत बारमाही. अनुवाद २१:४ मध्येही हेच दोन शब्द एकत्र आले आहेत. पूर एका रात्रीत येतो आणि ओसरतो. बारमाही ओढ्यावर मात्र वैशाखातही गुरे पाणी पितात. देवाला असा न्याय हवा आहे.

मग उपासना व्यर्थ आहे काय? नाही. प्रभू येशूनेही पुदिना व जिरे यांचा दशमांश देणाऱ्यांना न्याय, दया व विश्वास यांची आठवण करून दिली; दशमांश सोडा, असे तो म्हणाला नाही (मत्तय २३:२३). पवित्र मिस्सा हा झरा आहे. त्याचे पाणी मंदिराच्या दारातच मुरले, तर दोष झऱ्याचा नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. उचल आधीच घेतलेली असते आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाईच्या घामाचा पैसा तिच्या हाती पडतो का? अंगठा देणाऱ्याला त्याचा हिशेब वाचून दाखवला जातो का? आपण मजूर असू, मुकादम असू किंवा दुकानदार असू, आपली वेस येथेच आहे.

मननासाठी :
१. आपला न्याय सणापुरता आहे की बारमाही?
२. आपल्या वहीत, तराजूत किंवा घरात कोणाचा हक्क अडकून पडला आहे?
३. ज्याला वाचता येत नाही, त्याचा हिशेब तपासून द्यायला या आठवड्यात आपल्यापैकी कोण बसेल?

हे प्रभो, आमच्या प्रार्थना तुझ्यापर्यंत येवोत आणि तुझा न्याय आमच्या हातून शेजाऱ्यापर्यंत पोहोचो. आमेन.