मागचाच टायर का झिजतो?

प्रश्न : रोज हायवेने ४० किलोमीटर बाइक चालवतो. मागचा टायर मधोमध सपाट झालाय, पुढचा मात्र नव्यासारखा. असं का?

उत्तर : इंजिनाची ओढ मागच्या चाकावर, त्यात रस्ता सरळ, तो आधी झिजणारच. पण झटक्यात क्लच सोडणं आणि नुसता मागचा ब्रेक दाबून चाक घासत थांबणं (ही सवय आपल्याकडे फार!) टाळलंत, तर आयुष्य वाढेल. हवा टायर गार असताना तपासा. आकडा गाडीवरच्या स्टिकरचा घ्या, पंपवाल्याच्या अंदाजाचा नको. डबलसीटसाठी मागे जास्त हवा लागते. खोबणीतला टीडब्ल्यूआयचा (झीज दाखवणाऱ्या खुणेचा) उंचवटा नक्षीच्या पातळीला आला असेल, तर मात्र पावसाळ्याआधी टायर बदलाच.