पडद्यांवरील खुणा

गिटारीच्या दांडीवर काही घरांत शिंपल्याचे किंवा प्लॅस्टिकचे लहान ठिपके बसविलेले असतात. त्यांचा नादाशी काही संबंध नाही. बोटे भराभर सरकत असता वादकाला पडदे मोजीत बसावे लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. रूढ पद्धतीनुसार हे ठिपके ३, ५, ७, ९ आणि १२ या घरांत असतात.

यांपैकी तीन स्थानांना निसर्गाचाच आधार आहे. तारेची कंपणारी लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर बारावा पडदा ३२५ मिलिमीटरवर, म्हणजे नेमका मध्यावर येतो. तेथे तार षड्ज वाजतो. म्हणून त्या घरात बहुधा दोन ठिपके असतात. सातवा पडदा सुमारे २१६ मिलिमीटरवर, जवळजवळ एकतृतीयांश अंतरावर येतो व पंचम देतो. पाचवा सुमारे १६३ मिलिमीटरवर, पाव अंतराच्या किंचित पुढे, व तो मध्यम देतो. या तीन पडद्यांच्या नेमके वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून ती छेडावी. घंटेसारखा बारीक, स्वच्छ स्वर उमटतो. ठिपके झिजून गेले तरी ही स्थाने कानाने सापडतात.

तिसऱ्या आणि नवव्या घरांचे तसे नाही. तेथे केवळ रूढी आहे, आणि रूढी वाद्यागणिक बदलते. १८७९ साली मदैराहून हवाई बेटांत आलेल्या पोर्तुगीजांनी आपल्याबरोबर आणलेल्या लहान तंतुवाद्यांतून युकुलेली घडली. तिच्यावर सातव्यानंतरचा ठिपका बहुधा दहाव्या घरात असतो. पुष्कळशा बॅंजोंवर आणि मॅंडोलिनांवरही तसेच. मोकळी तार षड्ज मानली, तर नववे घर शुद्ध धैवताचे आणि दहावे कोमल निषादाचे. गिटारीवर हात बसलेला वादक युकुलेलीवरील त्या ठिपक्याला नववा समजून चालला, की त्याचा स्वर अर्ध्या स्वराने चढतो आणि चूक कोठे झाली हे त्याला चटकन उमगत नाही. (३, ५, ७, १०, १२ या घरांत ओळीने धानी रागाचे स्वर येतात, ही गंमत भारतीय वाचकाच्या ध्यानात येईलच; पण तो योगायोग होय.)

सतारीचे पडदे सरकविता येतात व रागानुसार काहींच्या जागा बदलतात. तेथे पक्क्या ठिपक्यांना अर्थच उरत नाही. अभिजात गिटारीच्या पट्टीवरही परंपरेने ठिपके नसतात. फार तर दांडीच्या कडेला, वादकाच्याच नजरेस पडेल असा, सातव्या घरापाशी एक बारीक ठिपका असतो. तेव्हा नवे वाद्य हाती घेताच माथ्याकडून बाराव्यापर्यंत घरे एकदा मोजावीत आणि मगच ठिपक्यांवर विसंबावे.