एका मोठ्या संख्येचा धडा
(वरच्या इयत्तांच्या अंकगणितासाठी)

उद्दिष्ट : दोन-चार उदाहरणे जुळली की नियम सिद्ध झाला, असे विद्यार्थ्यांस वाटते, घाईच्या वेळी शिक्षकही तसेच पुढे जातात. ही सवय किती फसवी आहे, हे ४,२९,४९,६७,२९७ या एका संख्येच्या आधारे मुलांच्या प्रत्ययास आणून द्यावे.

पूर्वज्ञान : मूळसंख्या, विभाजक, मोठा भागाकार.

विवेचन : २ पासून आरंभ करून प्रत्येक संख्येस तिनेच गुणीत गेल्यास २, ४, १६, २५६, ६५,५३६ या संख्या येतात. प्रत्येकीत १ मिळविला म्हणजे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळसंख्या आहेत. पिएर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझ येथील न्यायाधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा व्यासंग. या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असली पाहिजे, असे मत त्याने १६४० च्या सुमारास पत्रांतून मांडले. सिद्धता मात्र आपणास साधली नाही, हेही त्याने प्रांजळपणे कबूल केले होते.

याच रीतीची सहावी संख्या म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १, अर्थात ४,२९,४९,६७,२९७. स्वित्झर्लंडचा गणिती ऑयलर याने १७३२ साली दाखवून दिले की, हिला ६४१ ने नि:शेष भाग जातो. पाच उदाहरणांनी उभा केलेला नियम एका उदाहरणाने कोसळला. त्या पाचांपलीकडे या रीतीची एकही मूळसंख्या आजवर सापडलेली नाही.

वर्गातील कार्य : २ पासून ६४१ पर्यंत ११६ मूळसंख्या आहेत, त्या साऱ्यांनी भागण्याचे कारण नाही. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो, हे ऑयलरने पुढे सिद्ध केले. अशा मूळसंख्या ६४१ पर्यंत पाचच आहेत. वर्गाचे पाच गट करून प्रत्येकास एक भाजक द्यावा व बाकी फळ्यावर मांडावी :

१९३ — बाकी १०९
२५७ — बाकी २
४४९ — बाकी ३२५
५७७ — बाकी २८८
६४१ — बाकी ०

नंतर ताळा करवून घ्यावा. भागाकार ६७,००,४१७ येतो. त्याची ६०० पट ४,०२,०२,५०,२००. ४० पट २६,८०,१६,६८०. १ पट ६७,००,४१७. या तिहींची बेरीज मूळ संख्येइतकीच भरते.

शिक्षकांस सूचना : २५७ चा गट ‘जवळजवळ भाग गेला’ असे म्हणेल. बाकी २ असो वा ३२५, भाग गेला नाही एवढेच खरे, हे तेथेच समजावावे. ज्या गटांस बाकी उरली त्यांचे श्रम व्यर्थ गेले असे मानू देऊ नये. त्यांनी चार वाटा बंद केल्या म्हणूनच ६४१ हा सर्वांत लहान विभाजक ठरला. फर्मा थोर गणिती होता, तरी त्याचे मत ही सिद्धता नव्हे. तोच न्याय गुरुजींच्या शब्दासही लागू आहे. ‘असे का?’ असे विचारणाऱ्या मुलास गप्प बसवू नये.

स्वाध्याय : कोणतीही संख्या घेऊन तिला तिच्या पुढील संख्येने गुणावे व ४१ मिळवावे. १ ते ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळसंख्याच येते. ४० घेतल्यास काय होते, ते मुलांनी स्वतः शोधावे. (उत्तर : १,६८१, म्हणजे ४१ × ४१.)