सातबाऱ्यावरची दाव्याची नोंद कशी काढावी

वारजे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले आणि पुढे इथल्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या. जमिनीची कागदपत्रे मात्र आजही हवेली तालुक्याच्या दप्तरात, आजोबांच्या आणि पणजोबांच्या नावांपासून सुरू होतात. विकसन करारनामा झाला की राहून गेलेला वारस पुढे येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला आहे, त्यामुळे अशा दाव्यांना पुष्कळदा खरा आधारही असतो. दावा शिवाजीनगरच्या न्यायालयात दाखल होतो, त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली जाते आणि सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात एक ओळ येते. मग बँक कर्ज अडवते आणि गिऱ्हाईक मागे फिरते.

ही ओळ काढता येते. पण सातबारा कोरा झाला म्हणजे मिळकत मोकळी झाली, असे समजू नका. अडथळा तीन ठिकाणी असतो: महसूल दप्तरात, नोंदणी कार्यालयात आणि न्यायालयात. तिन्हीकडची कामे वेगवेगळी करावी लागतात.

१. नेमके काय लागले आहे ते ओळखा

‘जागेवर कॅव्हेट आहे’ हे वाक्य सर्रास कानावर येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खालचे कॅव्हेट म्हणजे ‘माझे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ एवढी न्यायालयाला केलेली विनंती. ते ९० दिवसांनी आपोआप संपते आणि त्याने विक्री थांबत नाही. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस ही फक्त हरकत असते. मनाई हुकूम हा न्यायालयाचा आदेश असतो. तो मोडला तर अवमान होतो. बँकेचा बोजा हे प्रकरण निराळे. तो बँकेच्या बेबाकी दाखल्यावर उतरतो. उरते ती लिस पेंडन्स, म्हणजे दावा प्रलंबित असल्याची नोटीस. पुढची कृती मुख्यतः तिच्यासाठी आहे.

२. कागद जमवा

• डिजिटल सहीचा ताजा सातबारा; नगर भूमापन झालेले असल्यास मिळकत पत्रिका.
• ज्या फेरफाराने नोंद लागली त्याचा उतारा. नोंद कशाच्या आधारे घेतली ते त्यावरूनच कळते.
• नोंदणी विभागाच्या ई-सर्चमधून किंवा वकिलामार्फत काढलेला शोध अहवाल आणि नोटिशीची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू).
• दावाअर्ज, अंतरिम अर्जावरील आदेश आणि रोजनाम्याच्या सही-शिक्क्याच्या नकला. दाव्याची सद्यस्थिती ई-कोर्ट्सवर दिसते.

नोटिशीतला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर तुमच्याच जमिनीचा आहे ना, हे आधी ताडून पाहा. एका सर्व्हे नंबरचे अनेक हिस्से पडलेले असतात आणि दावा एका हिश्श्याचा असताना नोंद दुसऱ्यावरही चढू शकते.

३. महसूल दप्तरातली नोंद काढा

केवळ दावा प्रलंबित आहे म्हणून लिस पेंडन्सची नोंद अधिकार अभिलेखात घेऊ नये आणि घेतली असल्यास ती काढावी, असे राज्य शासनाचे २०१७ चे परिपत्रक आहे. त्याचा हवाला देऊन हवेलीच्या तहसीलदारांकडे अर्ज करा. मिळकत पत्रिका असेल तर नगर भूमापन अधिकाऱ्याकडे. न्यायालयाचा मनाई हुकूम लागू नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा आणि रोजनाम्याची नक्कल जोडा. मनाई हुकूम असेल, तर आधी पायरी ५.

आदेश झाल्यावर ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) फेरफार धरतात, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण गाव नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. निर्णय विरुद्ध गेल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांतांकडे अपील करता येते. त्याची मुदत ६० दिवसांची असते.

४. सूची दोनमधली नोटीस विसरू नका

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला १९३९ मध्ये मुंबई प्रांताने केलेल्या दुरुस्तीनुसार नोटिशीची नोंदणी महत्त्वाची ठरते. नोंदणीनंतर झालेली विक्री रद्दबातल होत नाही, पण घेणाऱ्याला दाव्याचा निकाल बांधतो. सातबारा कोरा झाला तरी ही नोटीस शिल्लकच असते. दुय्यम निबंधक ती स्वतःहून खोडू शकत नाही. ती मागे घेण्याचा दस्त नोटीस देणाऱ्यानेच नोंदवायचा असतो.

५. दाव्यालाच हात घाला

• तडजोड: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ खाली तडजोड पुरशीस द्या. नोटीस मागे घेण्याचा दस्त किती दिवसांत नोंदवायचा, हे तिच्यातच लिहून घ्या. लोकअदालतीत मिटले तर निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे अपिलाची मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही.
• दावाअर्ज फेटाळणे: दाव्याला कारणच घडले नसेल, किंवा तो मुदतबाह्य आहे हे दावाअर्जावरूनच दिसत असेल, तर आदेश ७ नियम ११ खाली अर्ज.
• मनाई हुकूम उठवणे: तो खोट्या किंवा दडवलेल्या माहितीवर मिळवला असेल, किंवा परिस्थिती बदलली असेल, तर आदेश ३९ नियम ४.

पैसे उकळण्यासाठी दावा लावला आहे असे वाटले तरी नुकसानभरपाईच्या आशेवर राहू नका. खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली जास्तीत जास्त तीन हजार रुपयेच मिळतात.

६. दावा लांबणार असेल तर परवानगी मागा

न्यायालयाच्या परवानगीने, त्याने घातलेल्या अटींवर व्यवहार करण्याची मुभा कलम ५२ मध्येच आहे. विनोद सेठ विरुद्ध देविंदर बजाज (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट दाखवली: योग्य प्रकरणात तारण घेऊन न्यायालय मिळकत कलम ५२ च्या बंधनातून मोकळी करू शकते. म्हणून अर्जात नुसती विनंती करू नका. वादीच्या मागणीएवढी रक्कम जमा करण्याची, बँक हमी देण्याची किंवा दुसरी मिळकत तारण ठेवण्याची तयारी लिहा.

७. निकालानंतर घाई करू नका

कायद्याच्या दृष्टीने दावा अंतिम हुकुमाची पूर्तता होईपर्यंत प्रलंबित असतो. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूम हा शेवट नव्हे. दावा फेटाळला तरी अपिलाची मुदत संपू द्या: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. वादी नोटीस मागे घेत नसेल, तर हुकूम अंतिम झाल्यापासून चार महिन्यांच्या आत त्याची सही-शिक्क्याची नक्कल नोंदणीसाठी सादर करा. म्हणजे शोध घेणाऱ्याला नोटिशीबरोबर निकालही सापडेल.

८. तिन्हीकडे पुन्हा पाहा

नवा सातबारा, नवा शोध अहवाल आणि ई-कोर्ट्सवरची ‘निकाली’ ही नोंद, तिन्ही एकाच आठवड्यातली असू द्या आणि एकत्र ठेवा. वारज्यात फ्लॅट घेणाऱ्यानेही साठेखतापूर्वी बिल्डरकडे हेच तीन कागद मागावेत. फक्त सातबारा दाखवला, तर सूची दोनसाठी थांबावे.