मोजणी खाटेपासून सुरू करा

वृद्ध रुग्णांच्या हालचालीची एखादी परदेशी चाचणी मराठीत आणून तिचं प्रमाणीकरण करायचं म्हणून फिजिओथेरपीत एमपीटी करणारे विद्यार्थी येतात, तेव्हा मी आधी विचारते, रुग्ण कुठले घेणार? उत्तर बहुधा ‘ओपीडीतले’ असं येतं. गणित तिथेच चुकतं.

आम्ही काम केलं ते डी मॉर्टन मोबिलिटी इंडेक्सवर. ऑस्ट्रेलियात तयार झालेली ही चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती बेतली होती आजारपणात रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांसाठी. तिच्यात १५ कृती आहेत. पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर वळणं, उठून बसणं अशी सुरुवात होते. पुढे खुर्चीतून उठणं, तोल सांभाळणं, चालणं, जमिनीवरचा पेन उचलणं, उलटी चार पावलं टाकणं आणि शेवटी उडी. गुणांचं रूपांतर ० ते १०० च्या श्रेणीत करतात. ओपीडीत आपल्या पायांनी आलेल्या माणसाला खाटेवरच्या कृती सहज जमतात. सगळ्यांनाच पूर्ण गुण पडले की त्या सूचना मराठीत नीट उतरल्या का, हे कळायला मार्गच उरत नाही.

वॉर्डात गेलात की चित्र पालटतं. नऊवारीतल्या आजींना पुरुष फिजिओथेरपिस्ट कंबर उचलायला सांगतो. शेजारच्या खाटेभोवती नातेवाईकांची गर्दी असते. आजी पदर सावरतात, मान फिरवतात. कागदावर शून्य पडतं. त्याच आजींनी तासाभरापूर्वी बेडपॅन घेताना कंबर व्यवस्थित उचललेली असते! हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता पडदा ओढल्याशिवाय आणि स्त्री रुग्णासाठी शक्यतो बाई तपासनीस असल्याशिवाय मी चाचणी सुरू होऊ देत नाही. रुग्ण कचरत असेल तर ती कृती करवून घेऊ नये, असं मूळ नियमही सांगतात. पण ‘जमलं नाही’ आणि ‘केलं नाही’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवा. नाहीतर तुम्ही ताकद मोजता की संकोच, हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही.

नातेवाईकांशी आधीच बोलून घ्या. पेन खाली ठेवला की सून चटकन वाकून तो उचलून देते. बाबा उठू लागले की मुलाचा हात आपोआप त्यांच्या काखेत जातो. हा जिव्हाळा आहे, त्यावर रागावू नये. दोन पावलं मागे उभं राहायला प्रेमाने सांगावं आणि पडू नये म्हणून आपण स्वतः जवळ थांबावं.

आता आकड्यांकडे. दोन तपासनिसांच्या गुणांचा सहसंबंध ०.९ च्या वर गेला की आनंदीआनंद होतो. मात्र एकाने प्रत्येक रुग्णाला सरसकट दहा गुण जास्त दिले, तरी सहसंबंध १ च येतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मधून नेमकं याबद्दल सावध केलं होतं. या चाचणीत तर सुमारे दहा गुणांची वाढ म्हणजे रुग्णात अर्थपूर्ण सुधारणा, असं धरतात. म्हणजे तपासनीस बदलला एवढ्यावरून रुग्ण सुधारला असं दिसेल आणि डिस्चार्जचा विचार सुरू होईल. म्हणून गुणांमधला प्रत्यक्ष फरक काढा, आलेख मांडून बघा.

एकाच रुग्णाच्या दोन तपासनिसांनी घेतलेल्या चाचण्यांमध्ये किती वेळ जाऊ द्यावा, हा खरा पेच आहे. सकाळी तापाने ग्लानीत असलेले बाबा संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये फिरताना दिसतात. हा फरक चाचणीच्या माथी मारता येत नाही. लगेच दुसरी चाचणी घ्यावी तर माणूस दमलेला असतो. एकाने चाचणी घेतली आणि दुसऱ्याने बाजूला बसून गुण दिले तर रुग्णाची दमछाक टळते, पण सूचना देण्यातला फरक त्यात पकडला जात नाही. आम्ही त्याच दिवशी, मध्ये विश्रांती देऊन, दुसरी चाचणी घेण्यावर स्थिरावलो. वेदनाशामक गोळी दोन्ही वेळा निदान अर्धा तास आधी दिलेली असावी, हे नर्सिंगच्या सिस्टरांना विचारून ठरवा. औषधांचं वेळापत्रक त्यांच्या हातात असतं.

ज्यांची चाचणी अर्ध्यावर सोडावी लागली, त्यांचे कागद फायलीतून काढू नका. चक्कर आली, भ्रम होता, नातेवाईक नको म्हणाले, जे असेल ते कारण लिहा आणि असे किती जण होते ते प्रबंधात छापा.