मधुमेह : औषध आणि भूक

परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ साली विवाह झाल्यावर माईसाहेब, म्हणजे डॉ. सविता आंबेडकर, त्यांचे इन्शुलिन व पथ्य दोन्ही सांभाळीत. औषध आणि ताट यांचा मेळ घालावा लागतो, हाच यातला धडा.

तो आम्ही उशिरा शिकलो. मधुमेह निघाला, मेटफॉर्मिन सुरू झाली आणि मळमळ, जुलाब होऊन भूकच मेली. आम्ही परस्पर गोळी सोडली. साखर पुन्हा चढली. डॉक्टरांनी समजावले : ही गोळी जेवणासोबत घ्यावी, मात्रा ते हळूहळू वाढवितात. बहुधा काही आठवड्यांत पोट सरावते.

ग्लिमेपिराईडचे उलट आहे. ती शरीरातील इन्शुलिन वाढविते. गोळी घेतली आणि डहाणू-तलासरी प्रवासात जेवण लांबले, तर घाम येतो, हात थरथरतात, एकाएकी भूक लागते. ही साखर उतरल्याची खूण. त्वरित तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, मग जेवावे.

आपली नागलीची भाकरी चांगली. पण पिष्ट तिच्यातही आहे, म्हणून मोजूनच. घोलवडचा चिकू एखादी फोड.

भगवान बुद्धांनी राजा प्रसेनजिताला मिताहार सांगितला. त्याने आहार हळूहळू उतरविला. आपणही डॉक्टरांना विचारून, सावकाश, पण न सोडता चालू या.